भोकांमधली पट्टी
पोलादी तुळया : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण आयएसएमबी ५०० ही तुळई वेबमधून, म्हणजे उभ्या पत्र्यातून, दातेरी रेषेत कापली आणि दोन्ही अर्धी दाताला दात भिडवून पुन्हा वेल्ड केली. वजन दर मीटरला ८७ किलोच्या आसपासच राहिले, उंची मात्र ५०० मिलिमीटरवरून ७५० झाली. शिवाय पाइप आणि डक्ट न्यायला षटकोनी भोके मिळाली. या फायद्याची किंमत मोजते ती दोन भोकांमधली पट्टी, वेब-पोस्ट.

भोकाच्या वर आणि खाली उरलेले टी-आकाराचे भाग आडवे एकमेकांवरून सरकू पाहतात आणि त्यांना अडवते ती ही पट्टीच. आकडे घालून बघू. भोकांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६०० मिमी, दोन्ही टींच्या गुरुत्वमध्यांमधले ७०० मिमी आणि कर्तन बल २०० किलोन्यूटन धरले, तर पट्टीवर आडवे बल येते २०० × ६०० ÷ ७००, म्हणजे साधारण १७१ किलोन्यूटन. पट्टीची सर्वात अरुंद रुंदी १५६ मिमी आणि जाडी १०.२ मिमी. कर्तन ताण झाला सुमारे १०८ मेगापास्कल. २५० मेगापास्कलचे पोलाद कर्तनात १४४ पर्यंत टिकते. म्हणजे तुळई सुरक्षित?

इथेच घाई नडते. हे बल पट्टीला वाकवतेही. तिची एक तिरपी कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि दाबलेली कड भोकाच्या काठावर मोकळी असते. तिला बाजूने धरणारे काहीच नसते. पत्रा पातळ असेल तर पोलाद शरण जाण्याआधीच पट्टीचा वरचा भाग एका बाजूला आणि खालचा दुसऱ्या बाजूला जातो, तिला पीळ बसतो. हेच वेब-पोस्ट बकलिंग.

संगणकावर तुळई शेल एलिमेंटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या लहान तुकड्यांच्या जाळीत, मांडली की पहिले उत्तर झटकन मिळते, ते आयगेन विश्लेषणाचे. भार किती पट वाढवला की बकलिंग होईल, तो गुणक आणि त्या वेळचा आकार. हा आकार मोलाचा आहे, पण गुणकाला ताकद म्हणून अहवालात लिहिणे मला धोकादायक वाटते. त्या गणितात पत्रा अगदी सपाट असतो आणि पोलाद कधीच शरण जात नाही. कारखान्यातून आलेली तुळई तशी नसते. वेल्डिंगने तर ती आणखी थोडी वाकडी होते.

म्हणून तोच आकार हलकेच मॉडेलमध्ये पेरतात. युरोकोड ३ च्या १-५ भागात पत्र्याच्या फलकासाठी लहान बाजूच्या २०० व्या भागाएवढा वाकडेपणा सुचवला आहे. मग पोलादाचे शरण जाणे आणि बदलता आकार, दोन्ही धरून भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा. शिखर ओलांडल्यावर तुळईची क्षमता घटते आणि नुसता भार वाढवत नेणारी पद्धत तिथे अडकते. तिथून पुढची वाट ई. रिक्स यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या चाप-लांबी पद्धतीने गाठता येते. भोकांभोवतीची जाळी निम्म्याने बारीक करून शिखराचा भार फारसा हलत नाही ना, हेही तपासावे. हलला, तर पहिले उत्तर जाळीचे होते, तुळईचे नव्हे.

साध्या टेकूंच्या तुळईवर भार सारखा पसरलेला असेल तर कर्तन बल टेकूंजवळ सर्वाधिक असते. त्यामुळे तिथली एकदोन भोके पत्रा वेल्ड करून बुजवतात. पण बुजवल्यावर विश्लेषण पुन्हा चालवावे लागते, कारण आता सर्वाधिक ताण पुढच्या उघड्या भोकाशेजारच्या पट्टीवर येतो.