परसांतील गादीवाफे व कोंबड्या यांची सांगड

ज्या कुटुंबास स्वतःची शेती आहे, त्यासच बाजारांतून मेथीची जुडी व अंडीं विकत आणावीं लागणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. शेत गांवापासून दूर असतें, त्यांत ऊंस अगर सोयाबीन असतो, आणि घरामागील परसांत सांडपाण्याचें डबकें व उकिरडा यांवांचून दुसरें कांहीं नसतें. वास्तविक अर्ध्या गुंठ्याची जागा नीट योजिली, तर पांच माणसांच्या घरास लागणारी पालेभाजी व अंडीं यांचा बराच भार ती उचलूं शकते. मात्र वाफा व कोंबडी हीं एकमेकांस जितकीं उपकारक, तितकींच, मध्यें व्यवस्था नसेल तर, मारक आहेत. ही व्यवस्था म्हणजे एक कुंपण व एक खताचा ढीग. या दोहोंचें महत्त्व वाचकांच्या ध्यानीं आणून देणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाफ्याची बांधणी

गादीवाफा उंच करावयाचा तो पाण्याच्या निचऱ्यासाठीं, शोभेसाठीं नव्हे. काळ्या चिकण जमिनींत आषाढ-श्रावणांत मुळांभोंवतीं पाणी सांचून राहतें, मुळांस हवा मिळत नाहीं, आणि मिरची, वांगीं, टोमॅटो यांचीं कोंवळीं रोपें बुडाशीं कुजून आडवीं पडतात. वाफा नऊ इंच ते एक फूट उंच असला म्हणजे जादा पाणी उतरून जातें. रुंदी चार फुटांहून अधिक असूं नये. दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचला पाहिजे, कारण वाफ्यांत पाय पडला कीं माती दबते व केलेला खटाटोप व्यर्थ जातो. लांबी दहा फूट सोयीची असून दोन वाफ्यांमध्यें दीड फुटाची वाट ठेवावी. कडेस लांकडी फळ्या लाविल्यास त्यांस वाळवी लागते. त्यापेक्षां दगड अगर जुन्या विटा लावाव्या.

भर घालण्यापूर्वीं खालची जमीन वीतभर खणून सैल करावी. नंतर दोन भाग पोयट्याची माती व एक भाग पूर्ण कुजलेलें खत मिसळून भरावें. चार फूट रुंद, दहा फूट लांब व एक फूट उंच अशा वाफ्यास ४० घनफूट भर लागते. म्हणून पहिल्या वर्षीं दोनच वाफे करावे व ते नीट करावे.

हीच उंची चैत्र-वैशाखांत मात्र अंगाशीं येते. उंच वाफा वरून व बाजूंनीं सुकतो. यास्तव देशावर उन्हाळ्यांत वाफ्यावर तीन इंच पाचट अगर वाळका पाला अंथरावा व पाणी सकाळीं लवकर द्यावें. जेथें जमीन मुरमाड असून पाणी आपोआप मुरतें, तेथें वाफा उंच न करतां सपाट ठेवणेंच हितावह होय.

कोंबड्या किती व कोणत्या

परसांत दहांहून अधिक कोंबड्या ठेवूं नयेत. देशी कोंबडी वर्षांत साधारणपणें ६० ते ८० अंडीं देते; म्हणजे अशा दहा कोंबड्यांपासून घरास दिवसाला सरासरी दोन अंडीं मिळतात. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती याहून अधिक अंडीं देतात, परंतु खुडूक होऊन अंडीं उबविण्याकडे त्यांचा कल कमी असतो. म्हणून दोन-तीन देशी माद्या अवश्य बाळगाव्या. खुडूक कोंबडीखालीं दहा-बारा अंडीं ठेविल्यास एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिलें बाहेर येतात.

रात्रीच्या खुराड्यांत दर कोंबडीस दोन चौरस फूट जागा असावी. खुराडें जमिनीपासून दीड फूट उंच, छताखालीं वारा खेळता, व जाळी अर्ध्या इंचाची असावी. मोठ्या छिद्रांच्या जाळींतून मुंगूस सहज आंत शिरतें. खालीं भाताचें तूस पसरावें. सायंकाळीं ज्वारी-मक्याची भरड, थोडी पेंड व शिंपल्यांचा चुरा द्यावा. चुन्याचा अंश न मिळाल्यास अंड्याचें कवच पातळ होतें. बुरशी धरलेला मका व भुईमुगाची पेंड मात्र कधींही घालूं नये. ती बुरशी पक्ष्यांस विषासारखी बाधते.

कुंपण व ढीग

कोंबड्या बागेंत सोडिल्या म्हणजे किडे खाऊन पिकाचें रक्षण करितात, असा पुष्कळांचा समज आहे. कोंबडी किडे खाते हें खरें. पण किडा शोधण्यासाठीं ती माती उकरते, आणि उकरतांना रोप व तण असा भेद करीत नाहीं. नुकतीच पेरलेली कोथिंबीर एका सकाळींत नाहींशी होते. म्हणून वाफ्यांभोंवतीं पांच फूट उंचीचें जाळीचें कुंपण आधीं घालावें व मगच कोंबड्या आणाव्या. पीक निघून वाफा मोकळा झाल्यावर दहा-पंधरा दिवस त्यांस आंत सोडण्यास हरकत नाहीं. परंतु त्यानंतर त्या वाफ्यांत पालेभाजी न लावतां वांगीं, दोडका अशीं उशिरां फळणारीं पिकें लावावीं.

आतां खताविषयीं. साध्या शेणखतांत नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतें. सुकलेल्या कोंबडीखतांत तें सुमारें ३ टक्के असून स्फुरद अडीच टक्क्यांच्या घरांत असतें. या तीव्रतेमुळेंच ताजी विष्ठा मुळाशीं घातल्यास रोप करपतें. शिवाय विष्ठेंतील रोगजंतु कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मुळा, कोथिंबीर, कांदापात यांवाटे घरांतील लेंकरांच्या पोटांत जाऊं शकतात. ताजें खत जमिनींत पडल्यापासून चार महिन्यांच्या आंत अशी भाजी काढून खाऊं नये.

हा धोका टाळण्यासाठींच ढीग. विष्ठेच्या एका पाटीस वाळका पाला, तूस अगर पाचट यांच्या दोन-तीन पाट्या घ्याव्या व थरावर थर रचावे. ओल इतकी असावी कीं, मूठ दाबली असतां हात ओला व्हावा, पण पाणी गळूं नये. ढिगास नाकांत झोंबणारा वास आला, तर नत्र हवेंत उडून चाललें असें समजून आणखी पाला घालावा. दर पंधरवड्यास ढीग उलथावा. आंत चांगली ऊब धरून तो हळूहळू निवतो, आणि तीन-चार महिन्यांत काळें, भुसभुशीत, मातीच्या वासाचें खत तयार होतें. वाफ्यांत घालावयाचें तें हेंच.

रोग व शेजारधर्म

कोंबड्यांच्या रोगांत राणीखेत, ज्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात, हा मोठा घातक होय. टोंचून न घेतलेल्या थव्यांत तो शिरला तर दोन-चार दिवसांत खुराडें ओस पडतें. यावर औषध नाहीं, लस हाच उपाय. पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत अगर नाकांत थेंब घालून व पुढें आठ आठवड्यांच्या सुमारास टोंचून ती पशुवैद्याकडून द्यावी. परंतु लसीची कुपी शंभर अगर त्याहून अधिक मात्रांची असते, ती थंडींत ठेवावी लागते, व एकदां कालविली म्हणजे कांहीं तासांतच संपवावी लागते. दहा कोंबड्यांचा धनी एकटा ती आणीत नाहीं, आणि म्हणून कोणीच आणीत नाहीं. दहा घरांनीं एक दिवस ठरवून एक कुपी आणविली, तर खर्च नाममात्र येतो व सर्व आळी सुरक्षित होते. सहकाराचें याहून सोपें काम शोधून सांपडणार नाहीं.

इ. स. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा उद्भवला, तेव्हां रोग आवरण्यासाठीं त्या भागांतील लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून एकाएकीं अनेक पक्षी मेल्यास मेलेले पक्षी विकूं, खाऊं अगर ओढ्यांत टाकूं नयेत. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

सारांश, क्रम असा ठेवावा: आधीं कुंपण, मग ढीग, मग दोन वाफे, आणि सर्वांशेवटीं कोंबड्या. अंडीं, भाजी, खाद्य व लस यांची टिपणवही घरांत जी बाई खुराड्याचें दार उघडते तिच्या हातीं द्यावी, आणि अंड्यांचा पैसाही तिच्याच हातीं राहूं द्यावा. जिच्याकडे श्रम तिच्याकडेच हिशेब असला, म्हणजे हा उद्योग एका हंगामाचा न ठरतां घरांत टिकतो.