रिठी गावांचे दप्तर

नागपूर जिल्ह्यातील तहसिलींच्या गावयाद्या चाळताना काही नावांपुढे ‘रिठी’ हा शब्द आढळतो. अशा गावाला शीव असते, नकाशा असतो, शेतांना क्रमांक असतात; नसते ती फक्त वस्ती. शेजारच्या गावचे शेतकरी तेथील जमीन वाहतात आणि दिवस मावळताना आपापल्या घरी परततात. पांढरीच्या जागी बाभळी, एखादी बुजलेली विहीर, चिंचेखाली शेंदूर फासलेला मारुती, एवढीच माणसांच्या वावराची खूण उरते. गाव केव्हा उठले व का उठले असे विचारले, तर म्हातारी माणसे ‘मरीमाय कोपली’ किंवा ‘पेंढारी आले’ इतकेच सांगतात. तलाठ्याच्या दप्तरात याचे उत्तर सापडत नाही. कारण शेतसारा मिळत राहिला की माणसे कोठे गेली, हा महसूल खात्याचा प्रश्नच उरत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारला गेला. मॉरिस बेरेसफर्ड या अर्थेतिहासाच्या अभ्यासकाने तेथील ओसाड गावांवर १९५४ साली ग्रंथ लिहिला आणि यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या एकाच उजाड खेड्याचे उत्खनन १९५० ते १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात चालू राहिले. गावे प्लेगने ओस पडली, असा तिकडेही लोकांचा समज होता. कागद आणि माती एकत्र वाचल्यावर निराळेच निघाले. नांगरापेक्षा मेंढी अधिक पैसा देते हे जमीनदारांच्या ध्यानात आले आणि अनेक गावांतील कुळे उठविली गेली. दैवाच्या माथी मारलेला दोष माणसांच्या हिशेबात सापडला.

हे शक्य झाले ते कागदांमुळे. प्रत्येक धर्मग्रामातील बाप्तिस्मे, विवाह व दफने नोंदविण्याची आज्ञा तेथे १५३८ साली निघाली. परगण्यांचा गाववार इतिहास लिहिण्याचा उपक्रम १८९९ साली सुरू झाला, तो अद्याप पुरा झालेला नाही. लेस्टर येथील विद्यापीठीय संस्थेत १९४८ पासून स्थानिक इतिहासाला स्वतंत्र विभाग मिळाला.

मग आपल्याकडे कागदच नव्हते काय? निदान जुन्या नागपूर प्रांतापुरते तरी तसे म्हणता येत नाही. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने भोसल्यांच्या मुलखाविषयी केलेला तपशीलवार अहवाल १८२७ चा आहे. १८५४ साली राज्य खालसा झाले. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या बंदोबस्तात इंग्रजांनी एक विलक्षण गोष्ट केली. भोसल्यांच्या अमलात जो पाटील गावचा सारा गोळा करून सरकारात भरीत असे, त्यालाच त्यांनी गावाचा मालक ठरविले. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी राहिली आणि वर्धा नदीच्या अलीकडे मालगुजार जन्मास आला. एका नदीच्या दोन काठांवर शेतकऱ्याचे दोन निरनिराळे इतिहास घडले, ते या एका निर्णयामुळे.

या मालकीबरोबर कागदही आले. खसऱ्यात शेते, खेवटात हिस्सेदार, आणि वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावची वहिवाट. सरपण कोणी कोठून आणावे, गुरे कोणत्या पडितात चारावी, तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जावे, अशा बाबी त्यात येत. गावाच्या जगण्याचा इतका जवळचा दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव व पडित सरकारजमा झाले; परंतु वहिवाट नाहीशी झाली नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्यासाठी कलमे ठेवावी लागली. भंडारा-चंद्रपूरकडचे शेतकरी आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, तो मामा म्हणजे माजी मालगुजार!

इतिहासलेखन मात्र राजवाड्यातून बाहेर पडावयास तयार नसते. या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ साली प्रसिद्ध झाला; त्याचे ऋण विदर्भातील प्रत्येक अभ्यासकावर आहे. पण अशा ग्रंथांतून बख्त बुलंद व रघूजी भेटतात, त्यांना सारा देणारे गाव भेटत नाही. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नागपुरातील नावे बाजाराच्या वारांवरून पडली हे सर्वांस ठाऊक आहे. १८६७ साली रेल्वे आल्यावर कोणत्या गावचा बाजार वाढला व कोणाचा मोडला, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. मराठीत उदाहरण नाही असे नव्हे. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली ‘बदलापूर : आमचा गाव’ लिहून एका खेड्यावर मोठा ग्रंथ होऊ शकतो हे दाखविले. पेशाने ते न्यायाधीश होते, इतिहासाचे प्राध्यापक नव्हते.

हा केवळ हौसेचा विषय आहे, असे समजणाऱ्याने २००६ चा वनहक्क कायदा पाहावा. त्याखालील दाव्यांत गॅझेटिअर, बंदोबस्ताचे अहवाल, निस्ताराच्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या गावाला आपली वहिवाट कागदावर दाखविता येत नाही, त्याचे पिढ्यानपिढ्यांचे वागणे अतिक्रमण ठरू शकते.

आणि रिठी गावांची यादी बंद झालेली नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. वैनगंगेच्या फुगवट्यात कुही, भिवापूर, पवनी या भागांतील गावे उठली. यावेळी मरीमाय कोपली नव्हती, पेंढारीही आले नव्हते. भूसंपादनाचा निवाडा झाला होता. त्यात घरे, झाडे, विहिरी मोजल्या गेल्या. पोळ्याला कोणाच्या बैलाला पहिला मान होता, आखर कोठे होते, नदीकाठच्या वाडीत ढिवर कोणते पीक घेत, हे मोजण्याचा रकाना नव्हता. ते सांगू शकणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि पुनर्वसित वस्तीतील सरळ रस्त्यांवर राहत आहेत.

जुन्या गावच्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर मात्र असू शकते. मुलाचे नाव, बापाचा धंदा, जात, जन्मस्थळ, शाळा सोडल्याचे कारण, असे त्याचे रकाने असतात. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यातून दुष्काळ, मजुरी व स्थलांतर सारे वाचता येते. इंग्लंडच्या धर्मग्रामातील नोंदवहीला आपल्याकडे जवळचे असे हेच एक पुस्तक. गाव हलले तेव्हा ते शाळेबरोबर नव्या इमारतीत आले असेल, तर कपाटात तळाशी असेल. त्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांपाशी असते.