गाडी अडखळते? आधी ही झडप पाहा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ साडेदहाची होती. आमचे 'हे' नोकरीसाठी रत्नागिरीला असतात, शनिवारी येतात. म्हणजे आठवडाभर गाडी माझ्याच हाती. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर गर्दीत थांबले, तशी गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. एक्सलेटरवरचा पाय काढला की पुन्हा बंद! मागून हॉर्नचा नुसता कल्ला. "अगं, रिक्षानं जाऊ या का आपण?" सासूबाई हळूच म्हणाल्या. तपासणी त्या दिवशी हुकली ती हुकलीच.

गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता सांगून टाकलं, "थ्रॉटल बॉडी गेली. बदलावी लागेल. साहेबांना फोन करायला सांगा." खर्चाचा आकडा माझ्या शाळेतल्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढा! मी मुकाट्यानं गाडी घरी आणली. पण मनात आलं, ही थ्रॉटल बॉडी म्हणजे आहे तरी काय?

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गाडी पेट्रोलवर चालते म्हणतो आपण, पण एक किलो पेट्रोल जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. ती हवा आत सोडणारं दार म्हणजे थ्रॉटल बॉडी." एअर फिल्टरमधून आलेली हवा या धातूच्या नळकांड्यातून इंजिनात जाते. आत एक गोल झडप असते. एक्सलेटर दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. गाडी उभी असताना झडप जवळजवळ मिटलेली असते आणि कडेच्या बारीकशा फटीतून इंजिनाला हवा मिळते. इंजिनातल्या तेलाच्या वाफा आणि काजळी तिथंच चिकटते, फट बुजते आणि गाडी गुदमरते. गॅसच्या बर्नरची भोकं बुजली की बारीक केलेली ज्योत फडफडून विझते ना, अगदी तस्संच!

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी उभी असताना थरथरत असेल, सिग्नलला बंद पडत असेल, पण रेस दिली की नीट चालत असेल, तर संशय या झडपेवर घ्यायला हरकत नाही.

साहित्य अगदी थोडं : थ्रॉटल बॉडी क्लीनरचा फवारा (गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, मला साडेतीनशेला मिळाला), सुती मऊ फडकी, जुना मऊ टूथब्रश, स्क्रूड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, रबरी हातमोजे. पेट्रोल, रॉकेल किंवा भांड्यांची पावडर मुळीच वापरू नये.

कृती अशी :

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किल्ली काढून ठेवा आणि बॅटरीची मायनसची वायर सोडवा.

2. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी जाड नळी शोधा. तिचे क्लॅम्प सैल करून नळी बाजूला करा. सोडवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जोडताना फार उपयोगी पडतो. नळीवर वायर जोडलेला सेन्सर असेल तर त्यावर हा फवारा उडू देऊ नका.

3. आता झडप दिसेल. फवारा फडक्यावर मारा आणि झडप, तिच्या कडा व भोवतालची भिंत पुसून घ्या. चिकट थर ब्रशनं हलकेच सोडवा. खरवडू नका, काही गाड्यांत आतून लेप दिलेला असतो.

4. झडपेची मागची बाजूही पुसायची असते. आमची गाडी 2010 सालची, केबलवर चालणारी. त्यामुळे एक्सलेटर दाबायला कोणीतरी हवं होतं. सासूबाई पदर खोचून चालकाच्या जागी बसल्या! "दाबू का? सोडू का?" विचारत त्यांनी चोख काम केलं. नव्या गाड्यांत मात्र झडप मोटरनं हलते. ती बोटानं ढकलू नका. दिसेल तेवढाच भाग पुसा.

5. दहापंधरा मिनिटं वाळू द्या. मग नळी, क्लॅम्प आणि बॅटरीची वायर पूर्ववत जोडा.

माझी फडकी अशी काळी झाली की तव्याचं बूड पुसल्यासारखी!

पहिल्यांदा गाडी चालू केली तर इंजिन जोरजोरात ओरडायला लागलं. माझ्या पोटात गोळाच आला. सगळं बिघडवून ठेवलं की काय! पुन्हा बॉनेट उघडून पाहिलं, तर एक क्लॅम्प सैल राहिला होता. तो आवळला आणि गाडी शांत झाली. साफसफाईनंतर एकदोनदा बंद पडली किंवा थोडा धूर आला तर घाबरू नये. पाचदहा मिनिटं उभ्यानंच चालू ठेवावी.

एवढं मात्र लक्षात ठेवा. हा फवारा पेट घेणारा आहे. काम अंगणात, मोकळ्या हवेत करा. जवळ उदबत्ती, शेगडी, लहान मुलं नकोत. गाडी वॉरंटीत असेल किंवा डिझेलची असेल तर हात लावू नका. इंजिनाचा दिवा पेटलेला असेल किंवा सफाईनंतरही थरथर थांबली नाही, तर दोष दुसरीकडे असू शकतो. काही नव्या गाड्यांत झडपेची नोंद यंत्र लावून पुन्हा करावी लागते. अशा वेळी गॅरेज गाठावंच, पण "बदलण्याआधी साफ करून पाहिलंत का? जुना भाग मला दाखवा," असं ठामपणे विचारावं. साहेबांचा फोन येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

पुढच्या मंगळवारी तपासणीची नवी वेळ मिळाली. कोल्हापूर नाक्यावर तशीच गर्दी होती. गाडी उभी राहिली, पण बंद पडली नाही. शेजारी आलेल्या रिक्षाकडे पाहून सासूबाई म्हणाल्या, "आज नको गं बाई रिक्षा. आपण दुरुस्त केलीय ना गाडी!"