मोटारीतील इंजिनाचा दिवा : लक्षण व निदान

पिकाचे पान पिवळे पडले म्हणजे पिकास काहीतरी बाधले आहे एवढेच कळते. नत्र कमी पडले असेल, मुळाशी पाणी साचले असेल, किंवा चुनखडीच्या जमिनीत पिकास लोह मिळत नसेल. कारण न शोधता युरियाचे पोते आणणाऱ्याचा पैसा जातो आणि पान पिवळेच राहते. जुन्या मोटारीत लागणाऱ्या इंजिनाच्या दिव्याचेही असेच आहे. हा दिवा लक्षण दाखवितो. निदान आपणास करावे लागते. बाजारहाटासाठी व दवाखान्याच्या वाटेसाठी अनेक शेतकरी कुटुंबांनी जुन्या मोटारी घेतल्या आहेत. त्यांचा व्यर्थ खर्च टळावा म्हणून पेट्रोल मोटारीपुरती ही माहिती येथे दिली आहे.

दिवा का लागतो?

इंजिनात पेट्रोल किती सोडावे व ठिणगी केव्हा पाडावी हे मोटारीतील नियंत्रक पेटी ठरविते. त्यासाठी इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा, धुरातील प्राणवायू इत्यादींची खबर तिला निरनिराळ्या सेन्सरांकडून मिळत असते. ही खबर अपेक्षेहून वेगळी आली म्हणजे पेटी त्या दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवते आणि दिवा लावते. पुष्कळसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळले तरच दिवा लागतो. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना अशी समान पद्धती सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज ४ च्या मोटारींना ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या काही मोटारींचे क्रमांक साध्या उपकरणाने वाचता येत नाहीत.

किल्ली फिरविताच, इंजिन सुरू करण्यापूर्वी, हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी मोटार विकत घेताना हे अवश्य पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर तो बिघडलेला आहे किंवा दोष झाकण्यासाठी कोणी काढून टाकला आहे असे समजून अधिक तपासणी करावी.

दिवा स्थिर की लुकलुकणारा?

दिवा स्थिर असेल व मोटार नेहमीप्रमाणे चालत असेल, तर सावकाश घरी पोहोचून दोन-चार दिवसांत तपासणी करावी. दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेग ताबडतोब कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. याचा अर्थ इंजिन जोराने मिसिंग करीत आहे व न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकरण यंत्रात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जात आहे. तेथे ते पेटून हा महागडा भाग निकामी होतो. अशी तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर अथवा कडब्याजवळ कदापि उभी करू नये. आग लागण्याचा धोका असतो. तेलाचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा ही निराळी बाब आहे. तो लागताच इंजिन बंदच करावे.

क्रमांक वाचणे

चालकाच्या बाजूस, दर्शक-फलकाखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यास कोड वाचण्याचे लहान उपकरण जोडून किल्ली ऑन केली म्हणजे क्रमांक दिसतो. मोबाइलवर क्रमांक दाखविणारी उपकरणेही मिळतात. उदाहरणार्थ, ‘पी ०३०२’ या क्रमांकाचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग होत आहे असा होतो. प्रथम क्रमांक वहीत लिहून घ्यावा. त्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नये, कारण तसे केल्याने नोंद पुसली जाण्याचा संभव असतो.

येथेच बहुतेकांची चूक होते. क्रमांक दोषाचे ठिकाण सांगतो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचे कारण स्पार्क प्लग, कॉइल किंवा पेट्रोल सोडणारा इंजेक्टर यांपैकी कोणतेही असू शकते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास, किल्ली बंद करून व इंजिन थंड झाल्यावर, दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलांची अदलाबदल करावी. नोंद पुसून गाडी चालवावी. आता ‘पी ०३०३’ आल्यास दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच बिघडली आहे. पुन्हा ‘पी ०३०२’ आल्यास कॉइल निर्दोष आहे. मग प्लगची हीच परीक्षा करावी. या परीक्षेस एक पैसाही लागत नाही.

एक अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका शेतकऱ्याच्या मोटारीत ‘पी ०१३५’ हा क्रमांक आला. तो धुरातील प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरच्या तापकाचा आहे. मिस्त्रीने सेन्सर बदलला; आठवड्यात दिवा पुन्हा लागला. दुसराही सेन्सर बसविला, तरी तेच. बियाण्यासाठी राखलेले पैसे असे गेले. अखेर गाडी खालून पाहिली तेव्हा सेन्सरकडे जाणारी वायर उंदरांनी कुरतडलेली आढळली. गाडी धान्याच्या कोठीशेजारी उभी राहत असे. वायर सांधून नीट गुंडाळताच दिवा विझला. वायर व फ्यूज आधी पाहिले असते तर दोन्ही सेन्सरांचा खर्च वाचला असता.

तपासणीचा क्रम

१. क्रमांक, तारीख व किलोमीटर लिहून ठेवावे.

२. बॅटरीची टोके, फ्यूज, वायरी, रबरी नळ्या व एअर फिल्टर डोळ्यांनी पाहावे.

३. नंतर प्लग व कॉइल तपासावे.

४. दोष सिद्ध झाल्यावरच सुटा भाग विकत घ्यावा. ‘पी ०४२०’ हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा क्रमांक आला तरी मिसिंग व धुराच्या नळीची गळती आधी तपासावी.

५. दुरुस्तीनंतर नोंद पुसून काही दिवस गाडी चालवावी. क्रमांक परत न आला तरच काम पुरे झाले असे समजावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम शेतकरी बंधूंना समजावून द्यावा. गॅरेजमध्ये जाताना शेतकऱ्याने ‘कोणता भाग बदलू?’ असे न विचारता ‘हा क्रमांक कशामुळे आला, ते दाखवा’ असे विचारावे.