पाणी उतरू द्या, उचलू नका

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेच्या टाकीत काठोकाठ भरले तर सुमारे ५६ लिटर पाणी मावते. त्यातले पाव पाणी बदलायला एक बादली पुरते. हौस वाढून टाकी चार फुटी होते, रुंदी-उंची दीड फूट होते, आणि हेच पाव पाणी ६० लिटरच्या पुढे जाते. काढताना कष्ट नाहीत. नळी लावली की पाणी खालच्या बादलीत आपसूक उतरते. भरताना मात्र तेवढे किलो वजन छातीपर्यंत उचलायचे असते. मग या आठवड्याचे काम पुढच्या आठवड्यावर जाते, मासे मरतात आणि टाकी माळ्यावर पोहोचते.

कोकणातल्या बागायतदारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. रहाटाने वर आलेले पाणी दोणीत पडायचे आणि तिथून पोफळीच्या पन्हळीतून, पाटातून थेट माडाच्या आळ्यात जायचे. पाणी एकदा उंचीवर पोहोचले की पुढची वाट उतारच काढून देतो. रत्नागिरीतल्या बहुतेक इमारतींत ही उंची गच्चीवरच्या टाकीने आधीच दिलेली असते. माशांच्या टाकीच्या काठापेक्षा हातभर उंच, भक्कम लोखंडी स्टँडवर झाकणाचा ड्रम ठेवावा आणि स्वयंपाकघरातल्या नळाला लांब पाईप लावून तो भरावा. पाणी तिथे एक दिवस राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी बारीक नळीने ते माशांच्या टाकीत सोडावे. बादली नाही, वीजही नाही.

हा एक दिवसाचा मुक्काम टाळू नये. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. झाकण उघडे ठेवलेल्या ड्रममध्ये, त्यातही एअरपंपाचा दगड सोडला तर, तो उडून जातो. घाई असेल तर दुकानातले अँटिक्लोरीनचे थेंब आहेत. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी चांगलेच तापलेले असते. घरात रात्रभर राहिले की ते माशांच्या पाण्याच्या तापमानाला येते.

नळी जितकी बारीक तितके पाणी हळू, हे सगळ्यांना माहीत असते. किती हळू, हे मात्र चकित करणारे आहे. संथ प्रवाहात नळीचा आतला व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच लांबीतून आणि तेवढ्याच उंचीवरून येणारे पाणी सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून सलाईनची नळी या कामाला उत्तम. तिच्यावरच्या चाकाने धार हवी तशी ठेवता येते, तळची वाळू उसळत नाही, रोपे उखडत नाहीत.

हळू भरण्याचे खरे कारण मात्र रसायनशास्त्रात आहे, आणि आपल्या जांभ्याच्या विहिरींशी त्याचा जवळचा संबंध आहे. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामात आम्ल तयार होते. आम्ल शोषून घेणारे क्षार जांभ्यातल्या मऊ पाण्यात थोडेच असतात, त्यामुळे पाण्याचा सामू घसरत जातो. फार घसरला की जिवाणूंचे कामच मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. तो साठतो अमोनियम या बऱ्याच निरुपद्रवी रूपात, म्हणून मासे ठीक दिसतात. अशा टाकीत महिन्या-दोन महिन्यांनी नळाचे जास्त सामूचे पाणी भसाभस ओतले की घात होतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच हिस्सा पाच टक्क्यांच्या पुढे जातो. दहापट विष, तेही तासाभरात! लोक म्हणतात, नवे पाणी बाधले. खरे तर जुने साठलेले बाधते. थोडे पाणी, वारंवार आणि हळू बदलले तर ही वेळच येत नाही. गप्पी आणि मॉली असतील तर तिसऱ्यांचे स्वच्छ धुऊन वाळवलेले मूठभर शिंपले फिल्टरमध्ये ठेवावेत. त्यांतला चुना सावकाश विरघळून सामू सावरतो.

तांब्या-पितळेची भांडी मात्र या कामात नकोत. मऊ पाण्यात तांबे माशांना अधिक बाधते.

कौलारू घरात गच्चीची टाकी नसते. तिथे जमिनीवरच्या ड्रममध्ये कूलरचा पंप सोडावा. घेताना त्यावर लिहिलेली उंची वाचावी. त्या उंचीला पंपाची धार शून्य होते, म्हणून टाकीच्या काठापेक्षा बरीच जास्त उंची लिहिलेला पंप घ्यावा. पाईपचे वरचे तोंड पाण्यात बुडवू नये, नाहीतर पंप बंद करताच टाकीतले पाणी उलटे ड्रममध्ये येते. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.

झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहून आलेल्या मुलांना घरीही समुद्री मासे हवे असतात. त्या टाकीचे गणित निराळे. उन्हाळ्यात तिची पातळी उतरली तर भर गोड्या पाण्याची घालायची, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहते. पाणी बदलताना मात्र खारेच हवे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण पावसाळ्यात भाट्याला काजळी नदीचे गढूळ गोडे पाणी समुद्रात मिसळत असते. त्या दिवसांत तिथून कॅन भरून आणू नये.