फुटक्या बादलीचा चेंडू

शालेय व्याकरणात समूहदर्शक शब्दांचे एक कोष्टक असते. किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, गुरांचा कळप, चोरांची टोळी, खेळाडूंचा संघ. आपण सर्वांनी ते घोकले आणि आता आपली मुले घोकत आहेत. पण टोळी कोठे संपते नि संघ कोठे सुरू होतो, याचा उलगडा त्या कोष्टकात नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील एका क्रीडाशिक्षकांनी तो करून दाखविला, म्हणून त्यांची हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहे.

त्यांचे नाव विजय बारसे. (महाविद्यालयाच्या पंगतीत क्रीडाशिक्षकाचे पान नेहमी शेवटी मांडलेले असते, हे आम्हा प्राध्यापक मंडळींना चांगले ठाऊक आहे!) साल २००१. पाऊस कोसळत होता म्हणून बारसे आडोशाला उभे राहिले, तो समोर चिखलात झोपडपट्टीतली काही पोरे फुटकी बादली लाथाडीत धावताना दिसली. आपण काय केले असते? ‘काय कपडे मळवतात मेली!’ असे पुटपुटून छत्री सावरली असती. बारसे मात्र पाहत राहिले. त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. ही पोरे जितका वेळ खेळत आहेत, तितका वेळ ती कोणत्याही वाईट नादापासून दूर आहेत.

त्यांनी पोरांना चेंडू दिला. पुढे त्याच वर्षी खास झोपडपट्ट्यांतील मुलांसाठी फुटबॉलचे सामने भरविण्याचे काम सुरू झाले. नावही सरळ ठेवले, ‘झोपडपट्टी फुटबॉल’. आज ती संस्था ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखली जाते. जुने नाव मला अधिक आवडते. त्यात लपवाछपवी नव्हती.

फुटबॉलच का, असे कोणी विचारील. क्रिकेटला बॅट हवी, पॅड हवेत, शिवाय दुबळ्या पोराला दिवसभर सीमारेषेवर उभे करून विसरून जाता येते. फुटबॉलमध्ये एका चेंडूवर बावीस जणांचे भागते आणि चेंडू कधी कोणाच्या पायाशी येईल याचा नेम नसतो. ज्याला घरी, शाळेत, चौकीवर सगळीकडे ‘चालता हो’ हेच ऐकायची सवय, त्याच्या नावाने कोणीतरी ‘अरे, इकडे दे!’ म्हणून ओरडते. त्या ओरडण्याची किंमत ज्यांच्या नावाची हाक रोज प्रेमाने मारली जाते, त्यांना कशी कळावी?

अखिलेश पॉलचे उदाहरण घ्या. नागपूरच्या वस्तीतला हा मुलगा कोवळ्या वयातच गुन्हेगारीच्या वाटेला लागला होता. पोलीस मागावर असत. हे त्याने स्वतःच पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर, २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात, साऱ्या देशासमोर सांगितले. बारसे सरांच्या मैदानावर तो आला नि रमला. २०१० साली ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली, तेव्हा भारताचा कर्णधार अखिलेश होता.

ही स्पर्धाही मोठी नवलाची. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी ती प्रथम भरली. भारताचा संघ २००७ साली कोपनहेगनला गेला. छोटेसे मैदान, एका बाजूला तीन खेळाडू व एक गोलरक्षक, आणि सामना अवघ्या चौदा मिनिटांचा. आणखी एक नियम असा की, कोणाही खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच उतरता येते. दुसऱ्या वर्षी त्याची जागा दुसऱ्या बेघराला. म्हणजे विमानातून उतरल्यावर कर्णधारपद संपले, आणि समोर पुन्हा तीच वस्ती, तोच नळ, तेच जुने सोबती! खरी परीक्षा तेथून पुढे. अखिलेश त्यानंतर मुलांना खेळ शिकवू लागला.

बारसे यांनी निवृत्तीनंतर हाती आलेला पैसाही याच कामात घातला. प्रॉव्हिडंट फंडाच्या रकमेवर आपल्या घराघरांतून किती बेत रचलेले असतात, हे मी गृहिणी वाचकांना सांगायला नको. त्यांचे चिरंजीव अभिजीत अमेरिकेत होते. मध्यमवर्गीय बापाच्या दृष्टीने सार्थक झाले म्हणायचे! पण तेही परतून वडिलांच्या कामाला लागले. २०१६ साली ‘फिफा’ या जागतिक संघटनेने संस्थेला विविधतेचा पुरस्कार दिला. आता मुलीही तेथे खेळतात, आणि त्यांना घरातून मैदानापर्यंत आणणे हे गोल करण्याहून अवघड असते, असे मला वाटते.

२०२२ साली नागराज मंजुळे यांनी या हकीगतीवर ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट काढला. बारसे यांच्यावरून बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. पण माझ्या लक्षात राहिला तो अंकुश गेडाम. नागपूरच्याच वस्तीतला हा मुलगा. कॅमेऱ्यापुढे प्रथमच उभा राहिला आणि पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार घेऊन गेला. चित्रपटात महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. अलीकडे मैदान, पलीकडे कचरा. अशी भिंत पाहण्यासाठी तिकीट काढायची गरज नाही.

आमच्या पनवेलहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत नेरूळ येते. तेथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेचे सामने झाले आणि २०२२ साली मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पनवेलच्या पुष्कळ घरांतील मंडळी डबे बांधून गेली होती. इकडे नवे मजले चढवणाऱ्या मजुरांची पोरे मोकळ्या प्लॉटवर हवा गेलेल्या चेंडूने खेळतात. प्लॉटवर पाया खणला की पुढच्या प्लॉटवर जातात. अशाच एका प्लॉटपासून हाकेच्या अंतरावर एका महाविद्यालयाचे प्रशस्त मैदान आहे. संध्याकाळी साडेपाचला त्याच्या फाटकाला कुलूप लागते.