ग्राफिक्स कार्ड घेताना : विहिरीचे पाणी पाहून मोटार

सभासद बंधू-भगिनींनो,

गट ऑफिसात आम्ही बसलो की लागणीच्या नोंदी, रोपे, ठिबक यांचीच विचारणा व्हायची. हल्ली त्यात कॉम्प्युटरचीही भर पडली आहे. मध्यंतरी एक वयस्कर सभासद आले. म्हणाले, "साहेब, नातीला कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानदार म्हणतोय, ग्राफिक्स कार्ड पाहिजेच. खोडव्याच्या खताचं पैसं तिकडं वळवू का?" आम्ही विचारले, "आबा, नात त्यावर करणार काय?" "बी. कॉम.ला हाय. हिशेबाचंच काम." खताचे पैसे तिथेच वाचले. ते कसे, हे सर्वांच्याच उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा कॉम्प्युटरचा स्वतंत्र भाग. टायपिंग, हिशेब, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ पाहणे यासाठी तो वेगळा लागत नाही. घरगुती कॉम्प्युटरच्या बहुतेक प्रोसेसरमध्येच चित्राची सोय असते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असते, त्यात ती नसते. पैसे देण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

मग वेगळे कार्ड लागते कोणाला? त्रिमिती डिझाइन, ॲनिमेशन, व्हिडिओची जुळणी आणि मोठे गेम यांना. तिथेही आपलाच नियम. विहिरीचे पाणी आणि चढ पाहून आपण मोटारीचे एच. पी. ठरवतो. झरा लहान असताना दहा एच. पी. बसवून पाणी वाढत नाही. साधा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असतो. त्याला १२० चित्रे काढणारे कार्ड जोडले तरी डोळ्यांना साठच दिसणार.

गेमसाठीची दोन कार्डे तोलायची तर आपण टनामागे खर्च काढतो तसा चित्रामागे काढावा. समजा, एक कार्ड २०,००० रुपयांचे असून सेकंदाला ५० चित्रे देते. म्हणजे चित्रामागे ४०० रुपये. दुसरे ३०,००० चे असून ६० देते. म्हणजे ५०० रुपये. पहिले परवडते. मात्र दोन्ही आकडे एकाच गेमचे आणि एकाच मापाच्या पडद्याचे असावेत. डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी आपले सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीच्या कार्डावर चालते, हे कॉलेजात विचारून मगच बाजारात जावे.

नुसत्या नावावर जाऊ नये. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२ मध्ये ८ जीबी मेमरीचे आले. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे आले. फरक फक्त मेमरीचा नाही. आतली गणन-केंद्रेही २५६० ऐवजी २३०४ आहेत, म्हणजे कामही कमी. पण पहिल्याला १३० वॅट वीज लागते आणि दुसऱ्याला ७० वॅट. जुन्या कॉम्प्युटरला दुसरेच सोयीचे पडेल.

विजेचे आम्ही स्वतः भोगले आहे. चिरंजीवांच्या जुन्या कॉम्प्युटरला आम्ही मोठे कार्ड आणून बसवले. काम सुरू केले की कॉम्प्युटर बंद! आतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, लहान होता. तो नवा घ्यावा लागला आणि खर्च वाढला. दोष आमचाच. इतरांना केबलचा गेज विचारणारे आम्ही, घरात विचारायला विसरलो. म्हणून एसएमपीएसचे वॅट, जोडणीची वायर आणि डब्यातील जागा मोजूनच कार्ड आणावे.

उसाचे बिल वर्षाच्या घामाचे असते. मुलांच्या शिक्षणासाठी ते जरूर खर्चावे, पण दुकानात भाव विचारण्याआधी घरात काम विचारावे.

कळावे,
ऊस विकास अधिकारी